मधल्या नावाचा रकाना

१० सप्टेंबर २००६, रविवार

आली! दोन बॅगा, एका जाळीत चार जोड बूट, आणि दाराच्या चौकटीला डोकं लागेल की काय अशी उंची. नाव जुसारा ब्रागा. वय चौतीस. ब्राझीलची. फुटबॉल खेळते — तेही डिफेन्समध्ये, अगदी मधोमध! त्याचे पैसे मिळतात, पण पोट भरेल एवढे नाहीत, म्हणून सकाळी विमानतळावरच्या गोदामात काम करणार. मंगळवार-गुरुवार संध्याकाळी प्रॅक्टिस, रविवारी मॅच.

हे सगळं मॉरीनमुळे. ती क्रेन व्हॅली लेडीज या टीमची मॅनेजर आणि आमच्या सर्जरीतली, म्हणजे मी काम करते त्या दवाखान्यातली, पेशंट. मागच्या महिन्यात रिसेप्शनच्या खिडकीतून म्हणाली, तुझी अनुष्का केंब्रिजला असते ना, मग खोली रिकामी असेल. मी हो म्हणून बसले. यशोधनला नंतर सांगितलं. तो म्हणाला, आता जरा शांतपणे राहायचं ठरलं होतं आपलं. अ‍ॅनेस्थेटिस्ट माणूस, सगळ्यांनी झोपावं एवढंच त्याला वाटतं.

जेवताना तिने वरणभात तीनदा घेतला. वर साखर भुरभुरली. मी बघितलं न बघितलंसं केलं.

११ सप्टेंबर, सोमवार

मॉरीन लीगचा रजिस्ट्रेशन फॉर्म देऊन गेली. जुसाराला इंग्रजी बोलता येतं, लिहायची भीती वाटते. म्हटलं, आण इकडे! फॉर्म भरण्यात माझा हात लंडनच्या या हाउन्सलोत कोणी धरणार नाही. बावीस वर्षं सर्जरीत तेच केलंय. रकाना रिकामा राहिला की मला चैन पडत नाही.

पहिलं नाव, जुसारा. आडनाव, ब्रागा. मध्ये मिडल नेमचा रकाना मोकळा. विचारलं, वडिलांचं नाव? तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मला वाटलं, कळलं नाही. पुन्हा विचारलं. मग म्हणाली, सेबास्तियाँव. तीन वेळा म्हणायला लावून लिहून घेतलं. सुंदर अक्षरात. तिने सही केली, कडेला पासपोर्टची झेरॉक्स टाचली, झालं!

पासपोर्ट इटलीचा आहे — आईच्या आजोबांमुळे. जग किती गमतीचं आहे.

२० सप्टेंबर, बुधवार

लीगचं कार्ड आलं. फोटो, आणि खाली पूर्ण नाव. जुसारा सेबास्तियाँव ब्रागा. तिने ते नुसतं वाचत राहून चहा थंड केला. मग मोठ्याने वाचलं. मग मला मिठी मारली! कार्डासाठी! मी म्हटलं, अगं, अजून एक मॅच खेळली नाहीस. तिने ते पाकिटात ठेवलं, तेही आतल्या कप्प्यात.

२४ सप्टेंबर, रविवार

आयुष्यातली पहिली फुटबॉल मॅच बघितली. वय वर्षं एकावन्न!

बघणारे सगळे मिळून सव्वीस, त्यात दोन कुत्री. मी थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन गेले. पहिली दहा मिनिटं कुणाकडे बघायचं तेच कळेना. मग कळलं. समोरच्या टीमची एक पिवळ्या केसांची मुलगी वाऱ्यासारखी सुटली, आणि आमची जुसारा पळालीच नाही. दोन पावलं बाजूला सरकली, उभी राहिली, बॉल तिच्या पायाशी आला. जणू त्यालाच यायचं होतं. पिवळी पुढे रिकामीच धावत गेली.

मी खुर्चीवरून उठून ओरडले. मराठीत! ‘शाब्बास गं!’ सव्वीसच्या सव्वीस माझ्याकडे बघत होते, कुत्र्यांसकट.

२-० जिंकलो. ‘जिंकलो’ म्हणायला लागले मी.

८ ऑक्टोबर, रविवार

ऑफसाइडचा नियम कळला! जुसाराने मीठदाणी, मिरपूड, लोणच्याची बरणी आणि यशोधनचा चष्मा मांडून समजावलं. यशोधन क्रिकेटवाला, तो म्हणाला, हे काय, एलबीडब्ल्यूपेक्षा सोपं आहे. मग त्याला तीन प्रश्न विचारले, तिन्ही चुकला. चष्मा नव्हता म्हणे.

ती म्हणाली, सगळी मजा लोणच्याच्या बरणीची, म्हणजे डिफेंडरची, आहे. ती योग्य वेळी एक पाऊल पुढे आली की समोरची अख्खी टीम चूक ठरते.

अनुष्काला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणते, ‘आई, तुझी डोकं फिरली आहे.’ आधी मराठी नीट बोल म्हटलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत मॅच! हाफ-टाइमला सगळ्यांनी संत्र्याच्या फोडी खायच्या असतात. मी डबाभर चकल्या नेल्या. मॉरीन म्हणाली, दमलेल्या पोरींना तळलेलं देऊ नकोस. दोन मिनिटांत डबा चाटूनपुसून साफ. रेफरीनेही दोन घेतल्या. दुसऱ्या हाफमध्ये एक गोल खाल्ला, त्याचं खापर चकल्यांवर. १-१.

पण आता टीमचे कपडे मीच धुते. शुक्रवारी आपण होऊन मागून घेतले. चौदा लाल शर्ट बागेत वाळत घातले, तर शेजारच्या वीणाताईंनी विचारलं की काही कार्य आहे का.

१७ डिसेंबर, रविवार

मैदान दगडासारखं गोठलेलं. मॅच रद्द. स्वयंपाकघरात हीटरला पाय लावून बसलो आणि ती बोलली. तीन महिन्यांत एवढी कधी बोलली नव्हती.

लहान होती तेव्हा तिकडे मुलींना फुटबॉल खेळायला कायद्याने बंदी होती. कायद्याने! सहा वर्षांची असताना पोलिसाने बॉल काढून घेतला. आई लोकांच्या घरी कपडे धुवायची. ती म्हणायची, खेळ, पण मला दिसू नकोस. सोळाव्या वर्षी बिस्किटांच्या कारखान्यात लागली आणि कारखान्याच्या टीममध्ये खेळली. मग साओ पाउलो, मग जपानात दोन वर्षं, मग स्पेन. गुडघ्याची दोन ऑपरेशनं. विसाव्या वर्षी आई गेली.

आणि दोनदा वर्ल्ड कपच्या कॅम्पला बोलावणं आलं. दोन्ही वेळा शेवटच्या यादीत नाव नाही. निवड झाली की खेळाडूच्या घरी फोन येतो. हिच्या घरी फोन नव्हता. मग फॉर्मात गल्लीतल्या बेकरीचा नंबर दिला होता. कॅम्पहून आली की बेकरीत फोनसमोर स्टूल टाकून बसायची. पहिल्यांदा दोन दिवस बसली. दुसऱ्यांदा तीन. लोक पाव न्यायला यायचे, हळूच बोलायचे. फोन वाजायचा तो मैद्याच्या व्यापाऱ्याचा.

आता तिसरी वेळ. पुढच्या सप्टेंबरात वर्ल्ड कप आहे. चौतीसच्या पुढे कोणी विचारणार नाही, हे तिलाही माहीत आहे. ‘डिफेंडर चुकली की सगळ्यांना दिसतं. नाही चुकली तर कोणाला काही दिसत नाही,’ म्हणाली. मला इतकं भरून आलं की उठून शिरा केला.

२१ जानेवारी २००७, रविवार

सकाळी मॅच (३-१!), दुपारी एजवेअरला मैत्रिणीकडे, मंजिरीकडे, हळदीकुंकू. जुसारालाही नेलं. गुडघ्याला खरचटलेलं, अंगावर माझा रेशमी कुर्ता, तो तिला कमरेपर्यंत आला. दारात अत्तर लावलं तेव्हा तिने दुखण्यावरचं औषध समजून मनगट परत एकदा पुढे केलं. तिळगुळाच्या वड्या किती खाल्ल्या त्याची मोजदाद नाही. वाणात प्लास्टिकची चाळण मिळाली. परतताना बसमध्ये तिने ती मांडीवर ट्रॉफीसारखी धरली होती.

तिथे आलेल्या सुलक्षणाने विचारलं, ही कोण तुझी? मी म्हटलं, आमच्याकडे राहते. जुसाराही टीमला माझी ओळख ‘लँडलेडी’ अशीच करून देते. खरंच आहे. तरी बसमध्ये ते मनात घोळत राहिलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

लीगच्या कपच्या सेमीफायनलला! आम्ही! क्रेन व्हॅली! माझा घसा बसलाय.

त्याहून मोठी बातमी — ब्राझीलच्या टीमचा माणूस युरोपात खेळणाऱ्या मुलींना बघत फिरतोय. २५ मार्चला, म्हणजे सेमीफायनललाच, तो आमच्याकडे येणार. एकच मॅच बघणार. मॉरीनला फोन आला होता. जुसाराने नुसती मान हलवली आणि बुटांच्या नाड्या धुवायला घेतल्या. मी घरभर नाचले.

१९ मार्च, सोमवार

पाडवा. गुढी जुसाराने उभारली. स्टूल लागलं नाही!

२० मार्च, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

मॉरीन सर्जरीत आली, पेशंटच्या रांगेत उभी राहिली, आणि नंबर आल्यावर खिडकीतून कागद सरकवला. लीगचं पत्र, सोबत मी भरलेला फॉर्म. सेमीफायनलच्या आधी सगळ्यांचे कागद तपासतात. जुसाराच्या रजिस्ट्रेशनवर जे मधलं नाव आहे ते पासपोर्टवर नाही, कशावरच नाही. दंड नाही, आधीचे निकाल कायम, पण नाव दुरुस्त होईपर्यंत तिला खेळता येणार नाही. खोडलेल्या नावाशेजारी खेळाडूची सही हवी. शुक्रवार दुपारपर्यंत कागद ऑफिसात पोचला पाहिजे. नाही तर रविवारी ती बाहेर. आणि तो माणूस एकच मॅच बघणार आहे.

मी केलं हे. कोणी सांगितलं होतं मला वडिलांचं नाव घालायला? रकान्यात मिडल नेम लिहिलं होतं, फादर्स नेम नाही. माझं नीना यशोधन केतकर, लग्नाआधी नीना हरीश दामले. मधे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतंच, नसेल तर माणूस अर्धा, असं माझ्या हातालाच वाटतं. तो आपोआप चालला. बावीस वर्षांचा गर्व होता ना फॉर्मांचा!

आज तिची प्रॅक्टिस आहे. आल्यावर सांगायचं कसं?

२१ मार्च, बुधवार

सांगितलं. काल धीर झाला नाही, आज सकाळी चहाबरोबर सांगितलं.

मला वाटलं होतं चिडेल. तिने पाकिटातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाली, ‘चूक तुझी नाही. मला माहीत होतं.’

सेबास्तियाँव तिचे वडील नाहीत. तो बेकरीवाला. तिच्या जन्माच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी रेघ आहे, शाळेत त्यावरून मुलं चिडवायची. सेबास्तियाँवने तिला पहिले बूट घेऊन दिले. कॅम्पला गेली तेव्हा स्टेशनवर पोचवायला तोच. फोनसमोर तीन दिवस बसली तेव्हा दुकान बंद झाल्यावरही त्याने दिवा चालू ठेवला आणि शेजारी बसून राहिला. चार वर्षांपूर्वी गेला. बेकरीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

‘तू विचारलंस वडिलांचं नाव. मला कोणी असं विचारलं नव्हतं, जणू ते असणारच,’ ती म्हणाली. ‘मग मी सांगितलं. तू लिहिलंस. छापून आलं.’

मी रडले. ती नाही रडली. मी फॉर्म पुढे केला, पण खोडायला माझा हात पुढे होईना. तिनेच पेन घेतलं, पट्टी मागितली, आणि त्या नावावर सरळ रेघ मारली. शेजारी सही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘आता तू पण डिफेंडर झालीस. सहा महिने कोणाला दिसली नाहीस, एक चूक केलीस तर सगळ्या लीगला माहीत.’

हसू यावं की नाही कळेना. आलं.

२२ मार्च, गुरुवार

पोस्टावर भरवसा नाही. रजा टाकली, स्वतः गेले. पिकॅडली लाइनची भुयारी गाडी, मग मोठी ट्रेन, मग बस, मग चढण. बॅगेत फॉर्म, पासपोर्ट, पासपोर्टच्या चार झेरॉक्स आणि चकल्या.

खिडकीपलीकडे माझ्यासारखीच एक बाई. माझ्याच वयाची, गळ्यात साखळीला चष्मा. फॉर्म बघून म्हणाली, हे कसं झालं? मी सगळं सांगितलं. आपल्याकडे नावं कशी असतात तेही. बेकरी नाही सांगितली, ती माझी नव्हे. बाईने ऐकून घेतलं, शिक्का मारला आणि म्हणाली, फारच नीटनेटका भरलाय हो फॉर्म.

जुनं कार्ड परत द्यावं लागतं म्हणे. मी म्हटलं, हरवलं. सरळ खोटं! बाईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘असं होतं कधी कधी,’ म्हणाली, आणि चकली घेतली.

२३ मार्च, शुक्रवार

फॅक्स आला. खेळणार!!!

२५ मार्च, रविवार

सकाळी तिच्या तळहातावर दहीसाखर दिली. तिने अजून साखर मागितली.

तो आला. तपकिरी कोट, वही, छत्री. मी त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून. मुद्दाम. यशोधनही आला होता, आयुष्यात पहिल्यांदा. त्याला म्हटलं, त्या माणसाकडे बघू नकोस. लगेच बघितलं.

जुसारा आज काय खेळली! मी मैदानाकडे कमी आणि वहीकडे जास्त बघत होते, तरी सांगते. हवेतला एकही बॉल तिने सोडला नाही. दोनदा त्यांची नऊ नंबरवाली एकटी सुटली, दोनदा जुसारा आधीच तिथे उभी. लोणच्याची बरणी! तो लिहितोय का? एकदाच लिहिलं. एकदा शिंकला.

सत्तराव्या मिनिटाला तो उठला. वही खिशात घातली, छत्री घेतली, गेला! ०-० असताना! मी त्याच्यामागे निघाले होते, यशोधनने ओढणी धरून बसवलं.

आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला आमची गोलकीपर पडलेली, बॉल गोलात जाणार, अगदी रेषेवर — आणि कुठून कोण जाणे, जुसाराचा लांबच लांब पाय! बाहेर! तिथून पुढे पास, पुढे अजून एक, आणि आमचा गोल. १-०. फायनल! यशोधन शिट्ट्या वाजवत होता. माझा नवरा! दीड तास गप्प बसलेला माणूस!

पण ज्याने बघायला हवं होतं त्याने नाही बघितलं. चिखलात माखलेल्या जुसाराला सांगितलं, तर हसली. म्हणाली, ‘डिफेंडर बघायला सत्तर मिनिटं पुरतात. पाय वापरावा लागला म्हणजे मी आधी चुकले होते.’

मला हे पटलेलं नाही.

१८ एप्रिल, बुधवार

कॅम्पचं बोलावणं आलं! चाळीस जणी, त्यातून एकवीस. म्हणजे बघितलं होतं मेल्याने! तपकिरी कोटाची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

६ मे, रविवार

फायनल हरलो. २-०. ढसाढसा रडल्या सगळ्या, मीही. मग पिझ्झा. अनुष्का केंब्रिजहून आली होती, तीही लाल शर्टात. म्हणाली, ‘आई, पुढच्या वर्षी माझा पण शर्ट धुशील?’ कॉलेजच्या टीममध्ये नाव दिलंय म्हणे! माझी डोकं फिरली म्हणणारी!

१९ मे, शनिवार

गेली. टर्मिनलवर तिला पोचवायला आम्ही दोघं. मंजिरीची चाळण बॅगेत नेली, बूट दोनच जोड. कॅम्पचे फॉर्म तिने स्वतः भरले, इंग्रजी-पोर्तुगीज दोन्ही. मला बघू दिले नाहीत. ‘तू रकाने फार भरतेस,’ म्हणाली. टोमणा पचवला.

मी विचारलं, यादी लागली की फोन कुठे येणार? बेकरी तर नाही. ती म्हणाली, बघू. आत जाताना पाकीट उघडून दाखवलं — हरवलेलं कार्ड जागेवर आहे.

खोलीत तिची एक नाडी सापडली. धुऊन ठेवली.

२९ जुलै, रविवार

तिचं पोस्टकार्ड. गुडघा ठीक. ऑगस्टच्या मध्यात यादी. खाली, वरणभात इथे कोणालाच येत नाही.

म्हणजे कुठल्या तरी फोनसमोर स्टूल टाकून बसेल ती. या वेळी शेजारी कोण बसणार? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१४ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी फोन. लांबचा, खरखर. एक बाई अडखळत माझं नाव वाचत होती — नीना... यशोधन... केतकर. मधलं नावसुद्धा! म्हणाली, ब्राझीलच्या टीमच्या ऑफिसातून बोलतेय, एकवीस जणींची निवड झाली, त्यांच्या घरी आम्ही कळवतो. जुसारा ब्रागाने घरचा म्हणून हा नंबर दिलाय. फक्त नात्याचा रकाना तिने रिकामा सोडलाय. काय लिहू?

म्हटलं, रिकामा ठेवू नका. आई लिहा.

सतराव्या वर्षी पोर झाली म्हणतील. म्हणू देत!